स्मारकावरचा दिवा आणि वर्गणीचा हिशेब

प्रवरा नदी बेलापूर मागे टाकून पुढे जाते आणि गोदावरीला मिळण्याआधी नेवाशाला पोचते. तिथल्या ज्ञानेश्वर मंदिरात एक दगडी खांब आहे. ‘पैस खांब’ या नावाने सारा महाराष्ट्र त्याला ओळखतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी याच खांबाला टेकून गीतेवरचे भाष्य सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. येणारा प्रत्येक जण खांबावर माथा टेकवतो. त्यावर कोरलेल्या मजकुराकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. करवीरेश्वराच्या देवळातील अखंड दिव्याच्या तेलासाठी दरमहा द्यायच्या देणगीची ती नोंद आहे.

करवीरेश्वराचे ते देऊळ काळाच्या ओघात गेले. दिवाही गेला. उरला तो खांब आणि त्यावरचा तेलाचा हिशेब. तेव्हाच्या माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की दिवा लावायला एक संध्याकाळ पुरते, तो तेवत ठेवायला वर्षानुवर्षांची तरतूद लागते. म्हणून त्यांनी दिव्याचे वर्णन न कोरता तेलाची व्यवस्था कोरली.

आज हे आठवण्याचे कारण साधे आहे. गावोगावी पुतळे, हुतात्मा स्तंभ, शिल्पे उभी आहेत. त्यांतली बरीचशी लोकवर्गणीतून उभी राहिली. अनावरणाच्या दिवशी झगमगाट होतो, पहिल्या पावसाळ्यात एक दिवा जातो, दुसऱ्या वर्षी वायर तुटते आणि मग स्मारक संध्याकाळी सातनंतर अंधारात उभे राहते. श्रीरामपूर तालुक्यातील बेलापूरसारख्या मोठ्या, जुन्या आणि बाजारपेठेच्या गावाने उद्या आपल्या एखाद्या स्मारकशिल्पावर कायमचा प्रकाश टाकायचे ठरवले, तर निधी कसा उभारावा, तो कशावर खर्चावा आणि दिवा वीस वर्षांनीही चालू राहावा म्हणून काय करावे, याचा हा विचार.

जगातल्या सर्वांत प्रसिद्ध पुतळ्याची अडचण

लोकवर्गणीतून स्मारकशिल्प उजळण्याचे सर्वांत ठळक उदाहरण न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे आहे. पुतळा फ्रान्सच्या जनतेने दिला. चौथऱ्याचा खर्च अमेरिकेने करायचा होता, आणि तिथे पैसे संपले. तेव्हा ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राचे मालक जोसेफ पुलित्झर यांनी मार्च १८८५ मध्ये आपल्या वाचकांना हाक दिली. देणगी कितीही लहान असो, देणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात छापले जाईल, असे त्यांनी जाहीर केले. पाच महिन्यांत एक लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. देणगीदार एक लाख वीस हजारांच्या वर होते आणि त्यांतल्या बहुतेकांनी एक डॉलरपेक्षाही कमी दिले होते. शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे दिले, मजुरांनी रोजातले काही सेंट दिले.

२८ ऑक्टोबर १८८६ रोजी पुतळ्याचे अनावरण झाले. देवतेच्या हातातली मशाल बंदराला प्रकाश देणार, ही मूळ कल्पना होती. मशालीत विजेचे दिवे बसवण्यासाठी तांब्याच्या पत्र्याला भोके पाडली गेली. प्रत्यक्षात बाहेर पडलेला उजेड इतका क्षीण होता की किनाऱ्यावरून तो जेमतेम दिसे. त्याहून मोठी अडचण पैशांची होती. वीजयंत्रणा चालवण्याचा रोजचा खर्च कोणी द्यायचा, हे कोणीच ठरवले नव्हते. अनावरणाला काही दिवस होतात न होतात तोच मशाल विझली. त्याच नोव्हेंबर महिन्यात राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी पुतळा दीपगृह मंडळाकडे सोपवला, तेव्हा ती पुन्हा लागली. सव्वा लाख लोकांनी मिळून चौथरा बांधला होता, पण तेलवातीचा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

पुढची तीस वर्षे पुतळा रात्री जवळजवळ अंधारातच होता. १९१६ मध्ये ‘वर्ल्ड’ने पुन्हा मोहीम काढली. या वेळी हेतू एकच होता: पुतळा रात्री पायापासून मशालीपर्यंत दिसावा यासाठी कायमची प्रकाशव्यवस्था. वाचकांकडून ३० हजार डॉलर जमले. सुमारे अडीचशे दिव्यांचे झोत खालच्या जुन्या किल्ल्याच्या भिंतींवरून पुतळ्यावर टाकण्यात आले. २ डिसेंबर १९१६ च्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी ‘मेफ्लॉवर’ या नौकेवरून इशारा दिला आणि सारा पुतळा उजळला.

त्याच वर्षी मशालीतही बदल झाला. पुढे माउंट रशमोरच्या शिल्पांमुळे नाव कमावलेले शिल्पकार गट्झन बोर्ग्लम यांनी तिचा तांब्याचा पत्रा कापून त्या जागी पिवळसर काचेची तावदाने बसवली आणि आत दिवे ठेवले. दिसायला ते देखणे होते. पण सांध्यांतून पाणी झिरपू लागले आणि आतली रचना गंजत गेली. अखेर १९८० च्या दशकातील मोठ्या दुरुस्तीत ती मशाल उतरवावी लागली. नव्या मशालीच्या ज्योतीवर सोन्याचा वर्ख चढवला आहे. दिवसा ती सूर्यप्रकाशाने आणि रात्री बाहेरून टाकलेल्या झोतांनी चमकते.

या कथेत तीन धडे आहेत. लहान देणग्यांनी मोठे काम होते, मात्र प्रत्येक देणाऱ्याची नोंद जाहीर व्हायला हवी. उभारणीचा निधी आणि चालवण्याचा निधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि शिल्पाच्या अंगात दिवे घुसवण्यापेक्षा बाहेरून प्रकाश टाकणे जास्त टिकाऊ ठरते.

आपल्याकडची देणगीची रीत

हे शिकायला न्यूयॉर्कला जाण्याची गरज होती असेही नाही. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७ या काळात मंदिराला मिळालेल्या देणग्यांची ती यादी. यादव राजा रामचंद्र आणि त्याचा मंत्री हेमाद्री यांची नावे त्यात आहेत, तशीच सामान्य भक्तांचीही आहेत. कोणी किती दिले, हे सर्वांना दिसेल असे दगडावर कोरले आहे. पुलित्झर यांनी सहाशे वर्षांनंतर कागदावर केले ते हेच.

चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख याहून जुना, शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ चा आहे. गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला. एका विद्वानाचे हे खरे स्मारकच. त्याला निकुंभ राजांनी उत्पन्न लावून दिले. त्या लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालावर मठाचा वाटा किती, गावातल्या तेलाच्या घाण्यांनी मठाला किती तेल द्यायचे, हे त्यात ठरवून दिले आहे. एका दात्याच्या मर्जीवर काम सोडलेले नाही. गावाच्या रोजच्या व्यवहारातून थोडे थोडे काढून ते चालत राहील अशी सोय केली आहे. असे दान मोडणाऱ्याला शाप आणि पाळणाऱ्याला पुण्य, हे त्या काळच्या लेखांच्या शेवटी नेहमी असे. पुढच्या पिढीने ते चालवावे, यासाठीची ती धडपड होती.

आधुनिक काळात वर्गणीला सार्वजनिक रूप दिले ते लोकमान्य टिळकांनी. रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीची दुरवस्था पाहून १८९५ मध्ये त्यांनी ‘केसरी’तून निधीची हाक दिली. १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला. समाधीचा जीर्णोद्धार पूर्ण व्हायला मात्र १९२६ साल उजाडले. निधीची घोषणा आणि प्रत्यक्ष काम यांत तीन दशके गेली. स्मारकाचे काम हाती घेणाऱ्याच्या अंगी किती चिकाटी लागते, याचा हा पुरावा.

अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड हा त्याच काळातला प्रयोग. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, इतकीच मागणी. टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या पैशा-पैशांतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडात तर पैसेही नव्हते. घरातल्या बाईने दळण-कांडण करताना बाजूला काढलेले मूठभर धान्य होते. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचे बोरावके महाविद्यालय आज बेलापूरच्या शेजारी श्रीरामपूरला आहे.

याच परिसरात, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांना भागधारक केले. धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन मिळाले आणि १९५० च्या अखेरीस प्रवरेच्या खोऱ्यातील सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. भाग घेणारा शेतकरी स्वतःला मालक समजत होता, म्हणून तो कारखान्याच्या भल्याबुऱ्याचा विचार करत होता. स्मारकाच्या दिव्याला हीच भावना हवी. ज्याने पन्नास रुपये दिले तो येता-जाता वर पाहतो आणि दिवा बंद दिसला की सरपंचाला विचारतो. मोठ्या एकट्या देणगीदाराने सगळा खर्च उचलला तर काम लवकर होते, पण विचारणारी माणसे कमी होतात.

लहान रकमांचे महत्त्व बेलापूरकरांना नव्याने सांगायला नको. अयोध्येच्या राममंदिर न्यासाचे कोषाध्यक्ष स्वामी गोविंददेव गिरी मूळचे याच गावचे. त्या मंदिरासाठी २०२१ च्या आरंभी देशभर निधी जमवला गेला, तेव्हा १०, १०० आणि १००० रुपयांची छापील कूपने होती. कमी ऐपतीच्या घरालाही संकोच न वाटता सहभागी होता यावे आणि हिशेब चोख राहावा, या दोन्ही गोष्टी त्या पद्धतीने साधतात.

प्रकाश शिल्पावर कसा पडतो

निधी जमवण्याआधी काय विकत घ्यायचे आहे ते कळले पाहिजे. नाहीतर दुकानदार देईल तो हॅलोजन चौथऱ्यापाशी ठेवला जातो आणि थोर माणसाचा चेहरा भेसूर दिसू लागतो.

शिल्पकार आपले काम सूर्यप्रकाशात पाहून घडवतो. उजेड वरून येईल, भुवयांखाली, नाकाखाली, हनुवटीखाली सावली पडेल, हे त्याने गृहीत धरलेले असते. दिवा पायाशी ठेवून झोत सरळ वर टाकला की या सावल्या उलट्या होतात. डोळ्यांच्या खोबणीत उजेड, कपाळावर काळोख. म्हणून मुख्य प्रकाश थोड्या उंचीवरून, बाजूच्या खांबावरून, तिरका यावा. एका बाजूने जोरकस आणि दुसऱ्या बाजूने मंद झोत ठेवला तर चेहऱ्याला उठाव येतो. दोन्हीकडून सारखाच उजेड टाकला तर शिल्प सपाट, छायाचित्रातल्यासारखे दिसते. पाठीमागून हलका प्रकाश मिळाला तर आकृती अंधारातून सुटी होते.

उठावशिल्प किंवा वीरगळ असेल तर तंत्र बदलते. वीरगळ हेही स्मारकशिल्पच. लढताना पडलेल्या वीराची गोष्ट त्यावर आडव्या पट्ट्यांत कोरलेली असते. असा दगड समोरून उजळला तर कोरीवकाम दिसेनासे होते. पृष्ठभागाला जवळजवळ लागून, बाजूने घासत जाणारा झोत टाकला की प्रत्येक रेषेची सावली पडते आणि दिवसा न दिसणारे बारकावेही उमटतात. शिलालेख वाचणारे अभ्यासक बॅटरी कडेने धरतात ते याचसाठी.

दिव्याच्या खोक्यावर छापलेले चार आकडे समजून घ्यावेत. पहिला केल्विनचा. २७०० ते ३००० केल्विन म्हणजे उबदार पिवळसर उजेड, ४००० च्या आसपास मध्यम पांढरा, ६५०० म्हणजे घरातल्या नळीदिव्यासारखा निळसर पांढरा. ब्राँझ आणि तांब्याला पिवळसर उजेड खुलून दिसतो. संगमरवराला मध्यम पांढरा चालतो. निळसर पांढऱ्या उजेडात ब्राँझ मेलेले वाटते. दुसरा आकडा रंगदर्शकतेचा. तो शंभरपैकी ८० च्या वर असावा, म्हणजे धातूचा किंवा दगडाचा खरा रंग दिसतो.

तिसरा आकडा झोताच्या कोनाचा. ५ मीटर अंतरावरून ३० अंशांचा झोत सुमारे २.७ मीटर व्यासाचे वर्तुळ उजळतो. १५ अंशांचा झोत सुमारे १.३ मीटरचे. पूर्णाकृती पुतळ्यासाठी पहिला आणि केवळ चेहऱ्यासाठी दुसरा पुरतो. त्याहून रुंद झोत घेतला की उजेड आकाशात आणि समोरच्या घरांच्या खिडक्यांत जातो. अंतराचेही गणित आहे. दिवा दुप्पट लांब नेला तर शिल्पावर पोचणारा उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. आपल्याकडचा काळा बेसाल्ट आणि जुने ब्राँझ पडलेल्या उजेडाचा थोडाच भाग परत पाठवतात, त्यामुळे पांढऱ्या संगमरवरी पुतळ्यापेक्षा त्यांना अधिक प्रकाश लागतो.

चौथा आकडा संरक्षणाचा. ‘आयपी ६५’ मधला ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याने बिघडणार नाही. ‘आयपी ६७’ असेल तर दिवा थोडा वेळ पाण्याखाली गेला तरी चालतो. जमिनीत पुरायचे दिवे या दुसऱ्या प्रकारचेच हवेत. उन्हाळ्यातली धूळ आणि पावसाळ्यात साचणारे पाणी यांचा विचार करूनच दिवा निवडावा.

खरेदीआधी एक प्रयोग अवश्य करावा. गावातल्या मंडप-लाइटवाल्याकडून एका संध्याकाळपुरते दोन-चार झोत उसने आणावेत, अंधार पडल्यावर शिल्पाभोवती वेगवेगळ्या जागी धरून पाहावेत आणि ज्येष्ठ, शिक्षक, चित्रकलेचे जाणकार, तरुण अशा सगळ्यांना बोलावून दाखवावे. लोकांना काय दिसणार आहे ते कळते, आणि वर्गणी मागताना हीच संध्याकाळ सर्वांत उपयोगी पडते.

वीस वर्षांचे गणित

आता खर्च. समजा, ३० वॅटचे चार एलईडी झोत बसवले आणि ते रोज पाच तास लावले. एकूण १२० वॅट, म्हणजे रोज ०.६ युनिट आणि वर्षाला २१९ युनिट. युनिटचा दर १० रुपये धरला तर वर्षाचे वीजबिल स्थिर आकार सोडून २,१९० रुपये. जुन्या पद्धतीचे ५०० वॅटचे चार हॅलोजन असते तर वर्षाला ३,६५० युनिट आणि ३६,५०० रुपये लागले असते. एलईडीमुळे वीज हा मुख्य खर्च राहिलेला नाही.

खरा खर्च दुसरीकडे आहे. ५० हजार तासांचे आयुष्य असे खोक्यावर लिहिलेले असते. रोज पाच तासांच्या हिशेबाने ते सत्तावीस वर्षे भरते. पण तो आकडा दिव्यातल्या प्रकाश देणाऱ्या चिपचा असतो. तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर त्याआधीच जातो, आणि ग्रामीण भागातल्या कमी-जास्त होणाऱ्या दाबाने व विजेच्या कडकडाटाने तर लवकर जातो. म्हणून चांगले अर्थिंग, दाबाच्या उसळीपासून वाचवणारे उपकरण आणि गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच यांवर सुरुवातीलाच पैसे घालावेत. लहान मुले खेळतात त्या जागी ही काटकसर जिवावर बेतू शकते. शिवाय काचेवरची धूळ महिन्याला पुसणे, पक्ष्यांची घाण काढणे, चोरीला गेलेली केबल बदलणे हेही आलेच.

समजा, वीज, सफाई, दुरुस्ती आणि बदली दिव्यांसाठीची बचत मिळून वर्षाला १५ हजार रुपये लागतात. हा खर्च व्याजातून भागवायचा तर ६ टक्क्यांनी अडीच लाखांची कायम ठेव हवी. पाचशे घरांनी प्रत्येकी पाचशे रुपये दिले तर ती उभी राहते. दिवे, खांब आणि केबल यांचा खर्च वेगळा. महागाईचा विचार करून काही व्याज मुद्दलात मिळवत जावे. जुन्या काळी जमीन किंवा घाण्याचे तेल लावून देत, त्या जागी आज बँकेतली ठेव आली आहे. वर्गणीचे आवाहन करताना ‘दिव्यांसाठी इतके, ठेवीसाठी इतके’ असे दोन आकडे वेगवेगळे सांगावेत. जमलेल्या रकमेतून आधी ठेव बाजूला काढावी आणि उरलेल्या पैशांत बसतील तेवढेच दिवे घ्यावेत. चार दिवे न परवडले तर दोन लावावेत, पण ते कायम चालावेत.

कायदा आणि हिशेब

प्रत्यक्ष काम सुरू करण्याआधी जागा कोणाची, हे पाहावे. गावातल्या दिवाबत्तीची जबाबदारी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे ग्रामपंचायतीकडे आहे. म्हणून ग्रामसभेत ठराव व्हावा आणि वीजजोडणी कोणाच्या नावावर, बिल कोण भरणार, दुरुस्ती कोण करणार हे त्यात स्पष्ट लिहावे. स्मारक राज्य किंवा केंद्र सरकारच्या पुरातत्त्व विभागाने संरक्षित केलेले असेल, तर त्यांच्या परवानगीशिवाय एक खिळाही ठोकू नये. नवा पुतळा उभारायचा असेल तर सार्वजनिक रस्त्यावर तो उभारता येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१३ चा आदेशही लक्षात ठेवावा.

वर्गणी गोळा करणारी संस्था आधीच नोंदलेली असेल तर उत्तम. तशी नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी घेतात ती हीच. देणगीदाराला आयकरात सवलत हवी असेल तर संस्थेची त्यासाठी वेगळी नोंदणी लागते, आणि दोन हजारांहून अधिकच्या रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही.

पावतीपुस्तकांवर अनुक्रमांक असावेत आणि कोणते पुस्तक कोणाकडे दिले याची नोंद असावी. बँकखाते समितीच्या नावाने आणि दोघांच्या सहीचे असावे. मोबाइलवरून पैसे घेण्याचा कोड व्यक्तीच्या नव्हे, याच खात्याचा असावा. बाजारच्या दिवशी चौकातल्या फळ्यावर जमाखर्च लावावा. देणगीदारांची यादी रकमेच्या उतरत्या क्रमाने लावण्यापेक्षा गल्लीवार किंवा आडनावांच्या अक्षरक्रमाने लावली तर पन्नास रुपये देणाऱ्यालाही ती वाचावीशी वाटते. आणि कोणाच्या दारात अडून बसून वर्गणी घेऊ नये. जबरदस्तीने घेतलेल्या पैशाबरोबर नाराजीही येते आणि ती स्मारकाला चिकटते. बाहेरगावी स्थायिक झालेल्या गावकऱ्यांना मात्र जरूर कळवावे. पुणे-मुंबईत किंवा परदेशात असलेल्या माणसाला गावाच्या चौकातल्या दिव्यासाठी काही करता आले, तर तो आनंदाने करतो.

उजेडाची मर्यादा

स्मारकावरचा प्रकाश आदर दाखवण्यासाठी असतो, आणि आदराला एक मर्यादा असते. फेब्रुवारी २०२१ मध्ये शिवजयंतीच्या सुमारास रायगडावर रंगीबेरंगी रोषणाई झाली. ती किल्ल्याच्या पावित्र्याला शोभणारी नाही, असा जाहीर आक्षेप संभाजीराजे छत्रपती यांनी घेतला. रंग बदलणारे दिवे आज स्वस्त मिळतात, त्यामुळे मोह होतो. लग्नाच्या मंडपात ते शोभतात. हुतात्म्याच्या चेहऱ्यावर दर तीन सेकंदांनी हिरवा, जांभळा, लाल रंग फिरणे शोभत नाही. एकच स्थिर, उबदार रंग पुरेसा आहे.

झोत रस्त्यावरच्या वाहनचालकाच्या डोळ्यांत जाता कामा नये; त्यासाठी दिव्यांना झापड बसवता येते. रात्रभर उजेड ठेवल्याने कीटक आकर्षित होऊन मरतात, त्यांच्यामागे पाली-वटवाघळे येतात आणि झाडांवरचे पक्षी बेचैन होतात. निळसर पांढऱ्या उजेडाकडे कीटक अधिक येतात, पिवळसर उजेडाकडे कमी, हेही उबदार रंग निवडण्याचे एक कारण. सूर्यास्ताला आपोआप लागणारा आणि रात्री दहा-अकराला बंद होणारा टायमर बसवावा. लोक फिरतात तेवढा वेळ शिल्प दिसले की काम झाले. जयंती, स्मृतिदिन किंवा त्रिपुरी पौर्णिमेला घरोघरच्या पणत्या आणून चौथऱ्याभोवती लावाव्यात. त्या दिवशी विजेचे झोत थोडे मंद केले तरी चालतील.

शाळेलाही यात ओढावे. नववी-दहावीच्या मुलांनी झोताचा कोन मोजावा, महिन्याचे युनिट लिहून ठेवावेत, स्मारक ज्याचे आहे त्याच्याबद्दल जुन्या माणसांकडून माहिती गोळा करावी. देखभालीची नोंदवही त्यांच्याकडे दिली तर ती पिढी मोठी झाल्यावर समितीत बसायला तयार असेल.

तेव्हा आपल्या गावच्या स्मारकासाठी वर्गणीचे पहिले पावतीपुस्तक छापण्याआधी ग्रामसभेत एक प्रश्न विचारा: दहाव्या वर्षीचे वीजबिल कोण भरणार आणि जळालेला दिवा कोण बदलणार? उत्तर ठरावात लिहून घ्या, ठेवीची रक्कम आधी बाजूला काढा, आणि मगच उद्घाटनाची तारीख ठरवा. पन्नास रुपये देणाऱ्या प्रत्येकाचे नाव देणगीदारांच्या यादीत असू द्या.